जांभळाखालचे खराब फोटो

माणसाने निवृत्त झाल्यावर वाटेल ते करावं. भाजी निवडावी, सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडावं, सकाळी वलवणच्या धरणाकडे फिरायला जाऊन येताना वडापाव खावा आणि घरी सांगू नये. पण फोटो आवरायला घेऊ नयेत. हे मी कोणी न विचारता सांगतो आहे, कारण आमच्या घरात मला कोणी काही विचारत नाही.

मी आयुष्यभर एका औषध कंपनीच्या स्टोअर्समध्ये होतो. बाहेरच्यांना स्टोअर्स म्हणजे गोदाम वाटतं. वाटू दे. कुठला खोका कुठल्या रॅकवर, कुठली बाटली आधी बाहेर जायची आणि कुठली मागाहून, हे मी डोळे मिटून सांगायचो, आणि आमचे साहेबही डोळे मिटूनच ऐकायचे. अशा माणसाच्या घरी शोकेसच्या खालच्या कप्प्यात उभ्या जन्माचे फोटो कसेतरी कोंबलेले होते. त्यात लोणावळ्याचा पावसाळा. इथे चपलेला, कमरेच्या पट्ट्याला आणि बायकोच्या शालूला सारखीच बुरशी येते. ती आल्बमलाही आली. शालन, म्हणजे आमची सौभाग्यवती, नाकाला पदर लावून म्हणाली, "एक तर हे आल्बम घरात राहतील, नाहीतर मी." मी उत्तर द्यायला जरासा वेळ घेतला. तो तिने अजून माफ केलेला नाही.

आमचं मूळ गाव औंढे. भावकीत पहिला कॅमेरा माझा, त्यामुळे गावाकडच्या बारशापासून बाराव्यापर्यंत सगळं मीच टिपलेलं. म्हटलं, करायचं तर नीट करू. स्कॅनर आणला. घरचे फोटो झाले, बुरसटलेले आल्बम शालनने बंबात घातले. मग औंढ्याला जाऊन घराघरातले आल्बम गोळा केले, ते स्कॅन करून परत नेऊन दिले. हे सगळं कॉम्प्युटरमध्ये गेल्यावर लक्षात आलं की शोकेसमधला गोंधळ आता फक्त कॉम्प्युटरमध्ये आला आहे.

तेव्हा आमची माधवी आली. ती हिंजवडीला कामाला असते आणि रविवारी येऊन आमच्या अज्ञानाची झाडलोट करून जाते. तिने एक सॉफ्टवेअर टाकून दिलं.

"बाबा, हे फोटो बघतं आणि दिसायला सारखे असतील ते एकत्र लावतं. नाव, गाव, तारीख काही द्यायला नको."

"पण त्याला आपली माणसं कुठे ठाऊक आहेत?"

"ठाऊक नाहीत म्हणूनच नीट लावतं," ती म्हणाली. हे वाक्य मला तेव्हा उद्धट वाटलं होतं.

बटण दाबलं आणि आम्ही नवरा-बायको खुर्च्या ओढून बसलो. पहिला ढीग निघाला तो नुसता पांढरा. आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा पावसाळ्यात येतो आणि "पॉइंट दाखवा" म्हणतो. आम्ही नेतो. तिथे धुकं असतं. पाहुणा धुक्यात उभा राहतो आणि मी फोटो काढतो. मेहुणे, साडू, माझे साहेब आणि त्यांची पॉमेरेनियन कुत्री, सगळे त्या यंत्राने एका ढिगात घातले. दुसरा ढीग पिवळा. गावच्या जत्रेतला. भंडारा उधळल्यावर माणूस कुठला, बैल कुठला आणि पाहुणे म्हणून आलेले पुढारी कुठले, हे यंत्राला कळेना. खरं म्हणजे मलाही कळेना.

तिसऱ्या ढिगाने तर कमाल केली. त्यात जानूचा नवा ट्रॅक्टर, शेजारी बोहल्यावरचा जानू, आणि त्याच्या शेजारी जानूचे कैलासवासी वडील. तिघांनाही झेंडूचा हार, तिघांनाही गंध. जानू माझा चुलतभाऊ, पटकन मनाला लावून घेणारा. शालन म्हणाली, "त्याला दाखवू नका हं." मी लगेच पाठवला. जानूचा फोन आला, "भाऊ, झकास हाय. फक्त ट्रॅक्टर जरा मधी घ्या की."

हसू आलं, पण खरं सांगू? अंगावर काटाही आला. ज्याला आपण ना बाप सांगितला ना मुलगा, ते यंत्र फोटो बघतं आणि म्हणतं, मला तर हे सारखेच दिसतात. आपण जन्मभर ज्याच्यावरून भांडतो ते सगळं बाजूला ठेवून बघणं म्हणजे काही साधी गोष्ट नाही. मी त्या कॉम्प्युटरपुढे बसलो की नकळत नीट बसायला लागलो. शालनने तर त्याच्यावर विणलेला रुमाल घातला.

आता माझ्याकडून काय झालं ते सांगतो. त्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय होती की एकासारखे एक फोटो असले तर ते त्यातला चांगला दाखवायचं आणि विचारायचं, बाकीचे काढू का? सगळ्यात जास्त असे फोटो होते ते औंढ्याच्या जांभळाखालचे. गावठाण संपतं तिथे एक जांभूळ आहे. समोरून उजेड चांगला, मागे डोंगर येतो. गावात लग्न होऊन सून आली की तिचा फोटो तिथे. दहावी पास झाला, तिथे. नवी गाडी आली की पूजा घरासमोर, पण फोटो जांभळाखाली. आणि मी प्रत्येकाचे दोन-तीन फोटो काढायचो, कारण मागून हमखास कोणीतरी कडमडायचं. एक चांगला यायचा, बाकीच्यांत मागे कोणाची तरी वाकलेली पाठ.

यंत्राने विचारलं, खराब काढू का? मी म्हटलं, काढ. सगळे काढले. मग कॉम्प्युटरची कचरापेटीही रिकामी केली. स्टोअर्सचा माणूस भंगार ठेवत नाही. माधवीने फोनवर विचारलं, "बाबा, एक कॉपी ठेवलीत ना?" मी म्हटलं, "तू मला स्टोअर्स शिकवू नकोस."

त्याच आठवड्यात बयावहिनी आली.

बयावहिनी म्हणजे आमच्या चुलतभावाची, महिपतीदादाची बायको. दादा गेल्यापासून औंढ्याला ती, तिचा मुलगा संदेश आणि दोन म्हशी. संदेश तळेगावला कंपनीत शिफ्टला जातो, त्यामुळे घर खऱ्या अर्थाने म्हशींचंच. वहिनी आली ती पायरीवरच बसली. एरवी मला बघितलं की "काय भावजी, पोट कुटवर आलं?" असं विचारणारी बाई गप्प बसली, तेव्हाच मी समजलो की काहीतरी बिनसलंय.

"जांभळाखालची वाट बंद केली," ती म्हणाली. "गेट घातलंय. कुलूप."

ती जागा जानूने विकली होती. घेणाऱ्या पुण्याच्या अनघाताई. त्यांनी तिथे शहरातल्या लोकांना राहायला घरं बांधली, कुंपण घातलं आणि जांभूळ, पायवाट, दोन्ही आत गेलं. वहिनीचा मळा आणि गोठा पलीकडे. आता डोक्यावर गवताचा भारा घेऊन पार डांबरी रस्त्याने वळसा. तिचे गुडघे आधीच बोलतात.

"मी गेलते बाईकडं. चांगली हाय ओ बोलाय, चा पाजला. पन म्हनाली, मावशी, सातबाऱ्यावर वाट न्हाई. वडगावला कचेरीत अर्ज केला, तर तितं म्हनत्यात, वाट आधीपासनं वापरात व्हती ह्येचा पुरावा आना. आता वाटंचा काय पुरावा? वाट काय पावती देती व्हय?"

"संदेश काय म्हणतो?"

"म्हनतो, म्हशी इकून टाकू, मळा बी देऊन टाकू, तू बस घरात आरामात." तिने पदराने तोंड पुसलं. "म्हशी इकून मी काय करू भावजी? भित्ताडाकडं बघत बसू? मला न्हाई जमायचं. मी मरंन."

हे ती नाटकाने म्हणाली नाही. भाव सांगावा तसं म्हणाली, आणि म्हणून मला भीती वाटली. मग मी उभा राहिलो आणि छातीवर हात मारून म्हणालो, "वहिनी, पुरावा? माझ्याकडे त्या जांभळाखालचे एवढे फोटो आहेत की कचेरीत ठेवायला जागा पुरायची नाही." तिला हाताला धरून आत आणलं, रुमाल काढला आणि जांभळाचा ढीग उघडला.

एकेक फोटो सुंदर. सूनबाई, मागे डोंगर. मोटारसायकल, मागे डोंगर. आणि मधे गवत. सगळीकडे हिरवंगार, निर्मळ गवत. पायवाट म्हणून दिसेल तर शपथ. हे फोटो अनघाताईंच्या हाती लागले असते तर त्यांनी माझा सत्कार केला असता.

"अहो," शालन म्हणाली, "पण तिथे सारखं कोणीतरी मागून जायचं ना? तुम्ही केवढे ओरडायचात, 'कोण आहे रे ते, व्हा बाजूला' म्हणून."

"मीच की ती," बयावहिनी म्हणाली. "भारा घेऊन जायची तवा तुमचा फोटू चाललेला असायचा. तुमी वरडायचा म्हनून मी वाकून, पळत जायची. फोटू खराब नगं व्हाया म्हनून."

शालनने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला एवढी वर्षं झाली पण असं तिने माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. जो एकमेव पुरावा होता तो मी खराब म्हणून उपटून, वर कचरापेटी धुऊन पुसून ठेवली होती.

अशा वेळी शेजारी येतात. आमचे मकसूदभाई, इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान, बातमीला त्यांच्या घरी पोचायला जिनाही उतरावा लागत नाही, समोरचंच दार. ते म्हणाले, "सखाभाऊ, बिलकुल टेन्शन घेऊ नका. कॉम्प्युटरमधून कधी काही जात नसतं. बॅटरीतलं पाणी आटलं तरी प्लेट राहते." त्यांच्या ओळखीचा एक इसम होता, पुसलेलं परत काढून देणारा. त्याला कॉम्प्युटरचा डबा नेऊन दिला. त्याने खूप काही परत काढलं. उगवता सूर्य, गुलाबाची फुलं, चहाचा कप आणि त्यावर शुभ सकाळ. मी ज्यांना मनापासून पुसलं होतं ते सगळे मेसेज सहीसलामत परत आले. जांभूळ नाही.

तोडगा सांगितला तो मकसूदभाईंच्या बायकोने, हसिनाभाभींनी, भाकरी थापता थापता. "भाऊ, छापलेले फोटो असतीलच की गावात. फोटो कोण टाकतं का? खराब असला तरी माणूस असतो ना त्यात. आमच्या अम्मी तर डोळे मिटलेला फोटोसुद्धा फाडू द्यायच्या नाहीत, त्या माणसाला बाधतं म्हणायच्या."

आणि तसंच निघालं. मी मागे गावातून आणलेले आल्बम चांगल्या फोटोंचे; पुसलेले खराब फोटो होते ते माझ्या घरच्या प्रतींतले. खराब फोटो लोकांनी आल्बममध्ये लावलेच नव्हते, पण टाकलेही नव्हते. शालनला घेऊन मी औंढ्यात दारोदार फिरलो. आता दारात जाऊन "तुमचा खराब फोटो आहे का" असं विचारायचं, म्हणजे तोंडाने कसं विचारायचं ते मला कोणीतरी शिकवावं. एक मावशी म्हणाली, "आमचं काय खराब हाय ते बघाय आलाय व्हय?" पण मिळाले. देवाच्या तसबिरीमागे पुठ्ठा म्हणून लावलेले मिळाले, गादीखाली मिळाले, गव्हाच्या कोठीत मिळाले. एका घरी तर कपाटाचा पाय हलू नये म्हणून खाली घातलेला मिळाला, त्यासाठी चौघांनी कपाट उचललं आणि वर मलाच दोन गोष्टी ऐकवल्या.

मोबाइलच्या काळातले फोटो मागवायला मी भावकीच्या ग्रुपवर लिहिलं, "आपल्याकडील खराब फोटो पाठवावेत." ही दुसरी चूक. लोकांना वाटलं स्पर्धा आहे. जो तो दुसऱ्याचे खराब फोटो पाठवू लागला. दोन घरांमधलं बोलणं बंद झालं. जानूने लग्नाच्या पंगतीत तोंड उघडं टाकून झोपलेल्या इसमाचे फोटो पाठवले, निरनिराळ्या लग्नांतले, इसम तोच. यंत्राने कोणी न सांगता माझा स्वतंत्र ढीग केला.

पण जांभूळही आलं. भरपूर आलं. एका दुपारी ते सगळं कॉम्प्युटरमध्ये घालून मी बटण दाबलं, आणि पुढे जे झालं ते मला नीट सांगता येईल की नाही ठाऊक नाही.

यंत्राने या खेपेला नववधूला बघितलंच नाही. मोटारसायकलीला बघितलं नाही, पेढ्याच्या पुड्याला नाही. प्रत्येक फोटोत समोरचं माणूस वेगळं, पण मागचं सारखं, म्हणून ते मागच्याच्या मागे गेलं. एकाशेजारी एक ओळीने लावत गेलं. जांभूळ बारीक होतं, ते मोठं होत गेलं. त्याची एक फांदी कुठल्याशा वादळात गेली. मागच्या घरांवर कौलं होती, तिथे पत्रा आला, मग स्लॅब आला. आणि दर फोटोत, त्याच जागी, त्याच दोन दगडांच्या मधून, डोक्यावर भारा घेतलेली, नऊवारीतली, वाकलेली एक बाई पळते आहे. फोटो खराब होऊ नये म्हणून. मी ते बघत बसलो. इतकी वर्षं मी कॅमेऱ्याला डोळा लावून उभा होतो आणि समोर जे रोज घडत होतं ते या मुक्या यंत्राने मला दाखवलं. मी हात जोडले. कॉम्प्युटरला. शालनने बघितलं आणि हसली नाही, तिनेही जोडले.

प्रिंट काढून आम्ही वडगावला गेलो. कारकून सज्जन होता. त्याने सगळे फोटो पाहिले आणि विचारलं, "यात अर्जदार कोण?"

"ही, वाकलेली."

"चेहरा?"

चेहरा! मी पुन्हा सगळे चाळले. एकातही चेहरा नव्हता. पदर, भारा, पाठ आणि पाय. बयावहिनी शेजारी उभी होती. ती म्हणाली, "वाकून दावू का?" कारकुनाने हसू आवरलं आणि सांगितलं की साहेब जागेची पाहणी करायला येतीलच, तेव्हा तिथेच दाखवा.

पाहणीच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला. जांभळाखाली टेबल मांडलं, त्यावर माधवीचा लॅपटॉप. नायब तहसीलदार साहेब आले, तलाठी आले, अनघाताई आल्या, संदेश शिफ्ट बदलून आला, आणि औंढे गाव तर आधीच येऊन बसलं होतं. मी घसा खाकरून लॅपटॉप उघडला. तो काळा. चार्ज संपलेला. गावात लाइट नव्हती. साहेबांनी घड्याळ बघितलं. मी माझ्या हयातीत बरेच अपमान गिळलेत, पण असा भर मांडवातला नाही. शेवटी मकसूदभाईंना फोन केला आणि ते स्कूटरवर पुढ्यात इन्व्हर्टर, मागे हसिनाभाभी आणि भाभींच्या मांडीवर बॅटरी अशा थाटात आले. भाभी उतरता उतरता म्हणाल्या, "इतकं वजन तर माझ्या दोन्ही बाळंतपणात नव्हतं."

ढीग सुरू झाला. मी एकेक फोटो दाखवला. गाव "आरं ही आपली शारदा", "आरं ती जानूची पयली गाडी" करत होतं. मी म्हणत होतो, "समोरचं नका बघू, मागचं बघा." शेवटी एक फोटो आला तो मी घातलेलाच नव्हता. सुरेख, धुरकट उजेडातला. जांभूळ, पायवाट, भारा घेतलेली वहिनी. खाली ओळ होती, 'गावाच्या खऱ्या पहाटेचा अनुभव घ्या.'

"हा माझा फोटो आहे," अनघाताई हळूच म्हणाल्या. "मीच काढला होता, जागा बघायला आले तेव्हा. आमच्या जाहिरातीत आहे."

माधवीने त्यांच्या जाहिरातीतले फोटोही त्यात घालून ठेवले होते. यंत्राने आपपर न बघता तो ढिगात लावून टाकला. गाव खदखदून हसलं. अनघाताईंचा चेहरा उतरला, पण बाई सरळ. साहेबांना म्हणाल्या, "मावशी इथून जायच्या हे मी नाकारत नाही. गेटची एक किल्ली मी त्यांना देते. त्या आहेत तोवर खुशाल जाऊ देत. पण ही एका बाईंची सवय झाली, साहेब. गावाची वाट नव्हे. उद्या त्यांच्यामागे त्यांच्या मुलाने, सुनेने हक्क सांगितला तर मी काय करू?"

साहेबांनी मान हलवली. मुद्दा बिनतोड होता. संदेश आईच्या कानात म्हणाला, "बघ, म्हनलं नव्हतं?" किल्ली म्हणजे मेहेरबानी. वहिनी असेतोवर वाट, नंतर मळा बिनवाटेचा, म्हणजे कवडीचा.

साहेबांनी मला विचारलं, "सगळ्या फोटोंत बाई एकच आहे?"

मला वाटलं हीच वेळ. मी छाती काढून म्हणालो, "एकच, साहेब! आणि हे मी म्हणत नाही, यंत्र म्हणतंय. त्याला ना भावकी, ना सोयरीक. त्याने एकीलाच धरून ओळीने लावलंय. पहिल्यापासून शेवटपर्यंत हीच."

"न्हाई," बयावहिनी म्हणाली.

मी डोळ्यांनी खुणावलं. पायाने खुणावलं. तिने लक्ष दिलं नाही. टेबलाजवळ आली, पदर सावरला आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"ही मी. ही बी मी. पन ही न्हाई. ही न्हाई, आन ही बी न्हाई. ही माजी आत्याबाई, आक्काबाई. तवा माजं लगीन बी झालं नव्हतं. ह्यो बघा, तिच्या पायातला तोडा. मला कुटं हाय तोडा?"

तिच्या सासूचे पाय! मी तो फोटो शंभरदा बघितला होता, आणि आक्काबाई तर माझी चुलती. तिच्या हातची कोरड्यासाची वाटी मी चाटून पुसून खाल्लेली. मला ओळखू आली नाही. माझं तोंड एवढंसं झालं. आता साहेब म्हणणार, तुमचं यंत्रच खोटं. मी खुर्ची शोधायला लागलो.

साहेब मात्र पुढे वाकले. तोडा बघितला, मग पुढचा फोटो, मग त्याच्या पुढचा. तलाठ्यांना म्हणाले, "लिहून घ्या. अर्जदाराच्या सासूबाईंपासून याच जागेवरून वहिवाट दिसते." मग अनघाताईंकडे वळले. "मॅडम, ही एका बाईंची सवय नाही. सासू गेली आणि सून त्याच दगडांमधून चालत राहिली. यालाच वाट म्हणतात. हुकूम रीतसर निघेल, पण मला वाटतं, तुम्ही तोवर कुलूप काढावं."

 अनघाताईंनी पर्समधून किल्ली काढली, स्वतः गेल्या आणि गेट सताड उघडलं. गावाने टाळ्या वाजवल्या. संदेशने आईला मिठी मारली, तशी ती "आरं सोड, मान्सं बघत्यात" म्हणून ओरडली. मकसूदभाईंनी बॅटरी पुसून ठेवली.

लोक पांगले. मी लॅपटॉप बंद करण्याआधी एक काम उरकायला घेतलं. चूक ती चूक. आक्काबाईंचे फोटो निराळे काढून त्यांचा वेगळा ढीग करायला हवा होता.

"काय करताय भावजी?" बयावहिनी मागे येऊन उभी होती.

"वेगळं करतो, वहिनी. यंत्राची गफलत झाली. त्याने तुम्हा दोघींना एकच धरलं."

ती पडद्याशी वाकली. "त्येला वळखायला आलंच न्हाई? आमी दोघी?"

"नाही ना. भारा तसाच, चाल तशीच. मलाही नाही आलं."

ती बघत राहिली. एका फोटोत सासू, शेजारच्या फोटोत ती.

"जल्मभर म्हनायची मला," ती म्हणाली, "माज्यावानी भारा न्यायला तुला सात जल्म घ्यावं लागत्याल. आथरुनाला खिळली तरी म्हनायची. सून म्हनून धड एक चांगला सबूद न्हाई ऐकला मी तिच्या तोंडातनं." तिने डोळ्याला पदर लावला, आणि मग ती हसली. मी तिला इतकी वर्षं ओळखतो, पण असं हसताना पाहिलं नव्हतं.

माझं बोट अजून बटणावर होतं. तिने माझा हात धरून बाजूला केला.

"ऱ्हाऊ द्या तसंच, भावजी. नगा येगळं करू."